आरटीईचं ते वर्ष: सांगलीतल्या एका शाळा संघटनेचं प्रकरण

हे प्रकरण फेब्रुवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या वर्षाचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांची एक संघटना, सभासद शाळा पन्नासच्या आत, बहुतेक इंग्लिश मीडियम, विश्रामबागेत एका कॉम्प्लेक्समध्ये भाड्याची खोली, तिथं मी कोऑर्डिनेटर म्हणून काम बघतो. पत्रव्यवहार, पोर्टलची कामं, मीटिंगा, वर्गणी गोळा करणं, सगळं. संघटनेचं किंवा कुठल्याच शाळेचं नाव लिहीत नाही, कारण त्या वर्षी सभासदांची आपसात बरीच ओढाताण झाली आणि ती माणसं रोज एकमेकांना भेटतात. पण काय घडलं ते सविस्तर लिहितोय, दुसऱ्या जिल्ह्यातल्या संघटनांना उपयोग होईल.

आधी पैशाचं गणित सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं कलम १२(१)(सी) म्हणतं की खाजगी विनाअनुदानित शाळेनं एंट्री लेव्हलच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटातल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांच्याकडून फी घ्यायची नाही. आपल्याकडं दुर्बल गटाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख आहे. शाळांनी हे कलम सुप्रीम कोर्टात नेलं होतं, एप्रिल २०१२ मध्ये कोर्टानं ते वैध ठरवलं, अल्पसंख्याक शाळा तेवढ्या बाहेर राहिल्या. या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं, किती, तर सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची खरी फी, यातलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये, कोरोनाच्या काळात तोच दर ८,००० वर आणला होता.

आता बघा, पहिलीत ४० मुलं असतील तर १० आरटीईची. दरवर्षी १० अशी आठवीपर्यंत धरली तर शाळेत ८० मुलं आरटीईची होतात आणि त्यांची वर्षाची प्रतिपूर्ती पूर्ण दरानं १४ लाख १३ हजार ६०० रुपये. विश्रामबाग किंवा मिरजेतल्या पन्नास-साठ हजार फीच्या शाळेला हे परवडत नाही, प्रत्येक मुलामागं तिला पदरचे घालावे लागतात. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या शाळेची फीच पंधरा-सोळा हजार असते, म्हणजे तिला कागदावर पूर्ण फी मिळते. उलट तिकडं फी भरणाऱ्या पालकांकडून वसुली अवघड, द्राक्षपट्ट्यात बेदाण्याचा सौदा झाला की फी येते, उसाच्या गावात कारखान्याचं बिल जमा झालं की येते, आणि पाऊस नसेल तर येतच नाही. अशा शाळेला आरटीईची मुलं म्हणजे खरं तर भरवशाचं उत्पन्न असायला पाहिजे. अडचण एकच, प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, दोन-तीन वर्षांचे हप्ते अडकलेले असतात आणि शिक्षकांचा पगार तर दर महिन्याला द्यायचा असतो.

म्हणजे एकाच संघटनेत दोन प्रकारचे सभासद. शहरातल्यांना २५ टक्केच नको होतं, तालुक्यातल्यांना २५ टक्के चालत होतं पण पैसे वेळेवर पाहिजे होते. वर्षानुवर्षं आम्ही दोन्ही एकाच निवेदनात घालून देत होतो त्यामुळं हा फरक कधी समोर आला नव्हता.

फेब्रुवारी

८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या शाळांचे लगेच फोन सुरू झाले, एकाच बसच्या दोन फेऱ्या कशा बसवायच्या, दुपारचे वर्ग कुठं घ्यायचे. ते चालू असतानाच दुसऱ्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, आरटीईच्या नियमात बदल करणारी अधिसूचना निघाली. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला आता २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. आपल्याकडं गावागावात, वाडीवस्तीवर झेडपीची शाळा आहे, शहरात मनपाच्या आहेत, अनुदानित तर पावलापावलावर. म्हणजे आमचे जवळजवळ सगळे सभासद एका कागदानं मोकळे झाले.

ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज, पेढ्यांचे फोटो. मार्चपासून ॲडमिशन जोरात चालतात त्यामुळं प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, त्या २५ टक्के जागा आता फी घेऊन भरू का?

त्या आठवड्यात कार्यकारिणीची मीटिंग झाली आणि माझ्या मते अख्ख्या वर्षाचं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथं झालं. अध्यक्ष मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. शहरातल्या एका संस्थाचालकांनी सरळ विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं आपण निवेदनं दिली, आता मिळालंय तर नको म्हणायचं का?" मॅडम म्हणाल्या, "नको कोण म्हणतंय? कोर्टात टिकलं तर आपलंच आहे. पण जागा भरल्या आणि टिकलं नाही, तर ती पोरं कुठं बसवायची ते आत्ता सांगा."

टिकेल असं मानणाऱ्यांकडं मुद्दा होता. कर्नाटकानं असाच नियम केला होता आणि तिथल्या हायकोर्टानं २०१९ मध्ये तो टिकवला होता. आमच्याकडं सीमाभागातल्या संस्था आहेत, अथणी-कागवाडकडं त्यांचे नातेवाईक शाळा चालवतात, त्यांना हे तोंडपाठ. पण आम्ही ज्या वकिलांना बोलावलं होतं ते म्हणाले की मूळ कायदा संसदेचा आहे, २५ टक्क्यांची सक्ती त्या कायद्यात आहे, राज्याला नियम करता येतात ते कायदा राबवण्यासाठी, त्यातली सक्ती काढून टाकण्यासाठी नाही, त्यामुळं मुंबई हायकोर्टात याला आव्हान दिलं जाणार आणि निकाल काय लागेल ते आज छातीठोकपणे कोणी सांगू नये.

बरीच तावातावानं चर्चा झाली आणि थोड्या मतांच्या फरकानं ठराव झाला. संघटना अधिसूचनेचं स्वागतही करणार नाही आणि विरोधही करणार नाही, पेपरला काही देणार नाही, आणि सभासदांना लेखी सल्ला देणार. तो सल्ला चार ओळींचा होता. एंट्री लेव्हलच्या २५ टक्के जागा जूनपर्यंत मोकळ्या ठेवा. भरायच्याच असतील तर तेवढी बसायची जागा आणि शिक्षक दुसरीकडं तयार ठेवा. आरटीईची चौकशी करायला येणाऱ्या पालकाला "योजना बंद झाली" असं सांगू नका. आणि आधीपासून शाळेत असलेल्या आरटीईच्या मुलांना या अधिसूचनेशी काही देणंघेणं नाही, त्यांना आठवीपर्यंत हात लावायचा नाही.

शेवटची ओळ घालावी लागली, कारण एका शाळेनं तिसरीतल्या मुलांच्या पालकांना पुढच्या वर्षीपासून फी भरावी लागेल असं तोंडी सांगायला सुरुवात केली होती. हे कळल्यावर मॅडमनी स्वतः फोन केला आणि ते थांबलं.

या सल्ल्यावर शिव्या खाल्ल्या संघटनेनं. वर्गणी आमची आणि बाजू दुसऱ्यांची घेताय असं ग्रुपवर लिहिलं गेलं. माझं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे, सभासदाला आवडेल ते सांगायला संघटना लागत नाही, ते सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. वर्गणी घेऊन ऑफिस चालवायचं ते नको असलेली गोष्ट वेळेत सांगता यावी म्हणून.

सल्ला बंधनकारक नव्हता. साधारण निम्म्याहून जास्त शाळांनी पाळला, बाकीच्यांनी जागा भरल्या. तालुक्यातल्या शाळांनी जास्त पाळला, त्यांच्याकडं मार्चमध्ये तशाही सगळ्या जागा भरत नाहीत हे पण खरं.

एप्रिल ते जून

१६ एप्रिलला नवीन नियमानं ऑनलाइन अर्ज सुरू झाले, यात अर्ज जागांपेक्षा जास्त आले की लॉटरीनं नंबर लागतो. पालकांनी फॉर्म उघडला की समोर झेडपीच्या, मनपाच्या, अनुदानित शाळा. त्या शाळांत तर विनाफॉर्म प्रवेश मिळतो, मग लॉटरी कशाला? राज्यभरातून ७० हजारांच्या आसपासच अर्ज आले. आमच्या ऑफिसला रोज पालकांचे फोन, वास्तविक आम्ही पालकांची संघटना नाही, पण पाटीवर शाळांचं नाव असलं की माणसं विचारतात आणि कोणीतरी नीट उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. आम्ही सरळ सांगायचो, केस हायकोर्टात आहे, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी पुरावा काढून ठेवा, बदल झाला तर धावपळ नको.

६ मे ला हायकोर्टानं अधिसूचनेला स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी ७ मे ला सांगली लोकसभेचं मतदान होतं, निम्म्या शाळांच्या खोल्या मतदान केंद्रांना दिलेल्या, बसगाड्या निवडणुकीच्या कामाला, मुख्याध्यापक त्याच गडबडीत, त्यामुळं स्थगितीचा अर्थ लोकांच्या लक्षात यायला दोन-तीन दिवस गेले. मग ज्यांनी जागा भरल्या होत्या त्यांचे फोन यायला लागले.

१७ मे पासून जुन्या पद्धतीनं परत अर्ज सुरू. या वेळी राज्यात नऊ हजारांवर शाळा, सुमारे १ लाख ५ हजार जागा आणि अर्ज २ लाख ४२ हजारांच्या आसपास. म्हणजे महिन्यापूर्वी जे पालक गायब होते ते सगळे परत आले, त्यांना पाहिजे होती ती शाळा यादीत दिसल्यावर. ७ जूनला लॉटरी निघाली पण निकाल जाहीर झाला नाही, केस चालू होती.

शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू झाल्या. यादी नाही. ज्यांचा नंबर लागलाय की नाही हेच माहीत नाही असे पालक काय करणार? काहींनी पोराला झेडपीत घातलं. काहींनी उसने पैसे घेऊन त्याच खाजगी शाळेत फी भरून प्रवेश घेतला, नंबर लागला तर बघू म्हणून. ही दुसरी गोष्ट पुढं फार अवघड गेली.

आम्ही जूनमध्ये एक काम केलं ते सांगतो. ज्या शाळांनी जागा भरल्या होत्या त्यांची गुपचूप यादी केली, किती जागा, वर्ग किती मोठा, जादा खोली आहे का. आरटीईच्या निकषानं प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक पाहिजे, तो धरून कोणाला किती मुलं जास्त झेपतील हे काढलं. काही शाळांनी आकडा द्यायलाच नकार दिला, तो अंदाजानं धरला. ही यादी ऑफिसबाहेर गेली नाही, पण जुलैत ती नसती तर आमचे हाल झाले असते.

जुलै, ऑगस्ट

१९ जुलैला निकाल आला. हायकोर्टानं ९ फेब्रुवारीची अधिसूचना रद्द केली, घटनेशी आणि मूळ कायद्याशी विसंगत आहे म्हणून. ९ फेब्रुवारी ते ६ मे च्या मधल्या काळात शाळांनी त्या जागांवर जे दुसरे प्रवेश दिले होते ते हलवायचे नाहीत, पण २५ टक्के पण भरायचे, लागल्यास मंजुरी घेऊन जागा वाढवून. लगेच २० तारखेला लॉटरीची यादी लागली आणि २३ जुलैपासून प्रवेश सुरू.

नेमकं त्याच आठवड्यात कृष्णेचं पाणी वाढलं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, पाणी इशाऱ्याच्या जवळ आलं की सांगलीत सगळ्यांच्या डोळ्यासमोर २०१९ येतं, तेव्हा ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या शाळांना सुट्ट्या, कर्नाळ रोडकडचे पालक सामान वर हलवण्यात, आणि त्यातच मेसेज की कागदपत्रं पडताळणी करून प्रवेश घ्या, मुदत थोडी. मुदत नंतर वाढली पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेला एक बाप ऑफिसला आला, बरोबर मुलगी, रेनकोटमध्ये, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं अलॉटमेंट लेटर. तो म्हणाला, "सर, नाव लागलंय ओ, पण शाळेत गेलो तर म्हणतात वर्ग फुल्ल हाय, पुढच्या आठवड्यात या. पोरगी आता महिनाभर झेडपीत बसतीया. तिकडनं नाव काढून आणू का नको? इकडं पण नाही घेतलं आणि तिकडनं पण गेलं तर काय करू?" प्रश्न एकदम बरोबर होता. कायद्यानं उशिरा आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीची शाळा दाखला अडवू शकत नाही, पण हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला सांगितलं की नाव काढू नका, आधी पडताळणी समितीकडून कागद पक्के करून घ्या, इकडची शाळा पोर्टलवर प्रवेश नोंदवेल त्या दिवशी तिकडून दाखला घ्या. मग त्या शाळेला फोन लावला.

ती शाळा जागा भरलेल्यांपैकीच होती. पहिलीचा वर्ग गच्च. संस्थाचालकांचं म्हणणं, कोर्ट म्हणतंय घ्या, पण बेंच कुठं टाकू? वाईट हेतू नव्हता माणसाचा, खरोखर जागा नव्हती. यादीवरून आम्हाला माहीत होतं की त्यांच्याकडं वरच्या मजल्यावर संगणकाची खोली आहे जी सकाळच्या वेळात रिकामी असते. तिथं पहिलीची नवीन तुकडी सुरू करायचं ठरलं, वाढीव जागांचा प्रस्ताव आम्ही ऑफिसमधून तयार करून दिला. तुकडीत फक्त आरटीईची मुलं ठेवायची नाहीत हे मॅडमनी पहिल्या दिवशीच बजावलं, दोन्ही तुकड्या मिसळून परत पाडायच्या. ती अट नसती तर वर्षभर त्या खोलीला लोक आरटीईचा वर्ग म्हणाले असते आणि सहा वर्षांच्या पोरांना ते पहिल्या दिवसापासून कळलं असतं. काही जुन्या पालकांनी तक्रार केली, आमच्या मुलाची टीचर का बदलली म्हणून. पालक सभेत मुख्याध्यापिकांनी न चिडता उत्तर दिलं आणि ते प्रकरण तिथंच मिटलं.

शिक्षिका कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. जुलैच्या शेवटी चांगली शिक्षिका मिळत नाही. जवळजवळच्या दोन शाळांनी मिळून एक शिक्षिका घेतली, सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं, आणि पहिले काही आठवडे तिचा पगार संघटनेच्या शिलकीतून दिला. तिचं काम म्हणजे उशिरा आलेल्या मुलांना वर्गाच्या बरोबरीला आणणं. दीड महिन्यात बाकीची मुलं अक्षरं, रंग, आकार, इंग्लिशमधून सूचना ऐकणं यात पुढं गेली होती, आणि घरी मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं.

आता रिफंडचं. जूनमध्ये फी भरून प्रवेश घेतला आणि जुलैत त्याच शाळेत आरटीईतून नंबर लागला, अशी मुलं बऱ्याच शाळांत निघाली. पालक म्हणतात पैसे परत द्या. शाळा म्हणते हातात आलेले बावीस हजार परत द्यायचे आणि त्याच्या बदल्यात १७,६७० कधी येतील त्याची वाट बघायची? मला दोघांचंही पटत होतं, आणि तरी उत्तर एकच होतं, फी परत द्यायची, कारण आरटीईच्या मुलाकडून फी घेताच येत नाही. कार्यकारिणीनं तसा सल्ला काढला, ट्यूशन फी पूर्ण परत, हप्त्यात दिली तरी चालेल पण दिवाळीच्या आत, आणि पालकाला लेखी तारीख द्या. पुस्तकं आणि युनिफॉर्म कोणी द्यायचे हा वाद दरवर्षीचा आहे, त्यावर आम्हाला सगळ्यांना एका मतावर आणता आलं नाही, काही शाळांनी दिले, काहींनी नाही.

९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाच्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि विषय संपला. तोपर्यंत आमच्या बहुतेक शाळांत मुलं बसलेली होती. एक शाळा मात्र शेवटपर्यंत टोलवत राहिली, ॲक्टिव्हिटी फी भरा, डिपॉझिट भरा, मग बघू. मॅडम आणि उपाध्यक्ष दोनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी कार्यकारिणीनं पत्र दिलं की पालकांनी तक्रार केली तर संघटना तुमच्या बाजूनं उभी राहणार नाही. मग प्रवेश झाले.

उरलेलं वर्ष

ऑगस्टमध्येच बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना घडली. सगळं राज्य हादरलं, आणि २१ ऑगस्टला शासन निर्णय आला, महिन्याच्या आत सीसीटीव्ही, फुटेज मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा बघायचं, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली सखी सावित्री समिती. ही समिती २०२२ च्याच निर्णयातली, पण कागदावर किती होती आणि खरी किती हे सगळ्यांना माहीत होतं. कॅमेरे आम्ही काही शाळांचे एकत्र दर काढून बसवले, त्यात अवघड काही नाही, पैसे टाकले की कॅमेरा बसतो. वेळ गेला तो बसचे ड्रायव्हर, अटेंडंट, सफाईच्या मावशी यांच्या पडताळणीत, कारण बरेचजण कंत्राटदाराकडचे आणि त्यांचे पत्ते जुने. सभासद शाळांतल्या महिला मुख्याध्यापिकांनी समित्यांसाठी तालुक्यातालुक्यात बैठका घेतल्या, मुलांशी कसं बोलायचं, तक्रार आली तर पहिल्या तासात काय करायचं, कोणाला कळवायचं. ते काम आजही चालू आहे आणि त्यावर वेगळं लिहायला पाहिजे.

त्या वर्षी पैशाच्या बाजूनं सगळ्यात उपयोगाचं काम झालं ते प्रतिपूर्तीच्या फायलींचं. दिवाळीनंतर करायचं होतं पण विधानसभेची निवडणूक लागली, २० नोव्हेंबरला मतदान, अधिकारी आणि शिक्षक दोन्ही निवडणुकीत. म्हणून डिसेंबरमध्ये मिरजेतल्या एका सभासद शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कॅम्प लावला. प्रत्येक शाळेनं आपला क्लार्क आणि मागच्या वर्षांच्या सगळ्या फायली घेऊन यायचं.

तोपर्यंत आमच्यासकट सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं, सरकार पैसे देत नाही. ते खरंच आहे, निधीच कमी येतो आणि तुकड्यातुकड्यानं येतो. पण फायली उघडल्यावर दिसलं की काही शाळांचे प्रस्ताव निधीपर्यंत पोचतच नव्हते. कोणाची मान्यता, म्हणजे नमुना २, तीन वर्षं होऊन गेल्यावर नूतनीकरणच केलेलं नाही. कोणाचं बँक खातं संस्थेच्या नावावर तर प्रस्ताव शाळेच्या नावानं. दुसरीतून शाळा सोडून गेलेली मुलं पोर्टलवर तशीच आणि पडताळणीत हजेरीशी आकडा जुळत नाही म्हणून अख्खा प्रस्ताव मागं. आधारवर मुलाचं नाव वेगळं, यू-डायसवर, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, वेगळं, वडिलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट. जतकडच्या एका शाळेच्या मॅडम तीन वर्षांच्या फायली कापडी पिशवीत घेऊन एसटीनं आल्या होत्या. त्यांच्या एका वर्षाच्या प्रस्तावात फीच्या तपशिलाला पालक-शिक्षक संघाच्या ठरावाची प्रत जोडलेली नव्हती, एवढ्यावर ती फाईल पडून होती आणि त्यांना ते कोणी कळवलंच नव्हतं. ठराव त्यांच्या रजिस्टरमध्ये होता, तिथल्या तिथं झेरॉक्स काढून जोडला. त्या शाळेत दोन शिक्षकांचे पगार दिवाळीपासून थकले होते.

कॅम्पनंतर मी तरी निवेदनाची भाषा बदलली. आता प्रत्येक निवेदनाला शाळानिहाय तक्ता असतो, कुठल्या वर्षाचा प्रस्ताव, कधी दाखल, त्रुटी कधी पूर्ण केली, किती रक्कम बाकी. असा कागद समोर ठेवला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

१४ जानेवारी २०२५ ला पुढच्या वर्षाची आरटीई नोंदणी सुरू झाली, १० फेब्रुवारीला लॉटरी. म्हणजे शाळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, जसं व्हायला पाहिजे तसं. त्याच महिन्यात वार्षिक सभा झाली आणि तिथं फेब्रुवारी २०२४ चा सल्ला ठरावात बदलला, आरटीईची शेवटची फेरी संपेपर्यंत २५ टक्के जागा मोकळ्या ठेवणं ही आता सभासदत्वाची अट आहे. दुसरा ठराव, वर्गणी पटाप्रमाणे तीन टप्प्यांत, आणि त्यातला काही भाग वेगळ्या खात्यात, तालुक्यातल्या ज्या शाळेची प्रतिपूर्ती अडकली असेल तिला पगारापुरती बिनव्याजी उचल द्यायला. शहरातल्या मोठ्या शाळांनी याला हात वर केले हे मला विशेष वाटतं, कारण त्यांना त्या खात्यातून कधी काही लागणार नाही.

दोन शाळांनी सभासदत्व नूतनीकरण केलं नाही. त्यातली एक तीच, डिपॉझिट मागणारी. दुसरीचं म्हणणं असं की २५ टक्क्यांविरुद्ध लढण्यासाठी आम्ही संघटनेत आलो होतो आणि संघटना तेच राबवायला लागली. त्यांचा राग मी समजू शकतो, पन्नास हजारांच्या जागेला १७,६७० आणि तेही उशिरा, हे योग्य नाहीच, आणि दर वाढवून मागणं आम्ही सोडलेलं नाही. पण कायदा आहे तोपर्यंत नंबर लागलेलं पोर दारातून परत जाणार नाही ही अट काढायला सभेत कोणी तयार झालं नाही. जतच्या मॅडमच्या शाळेचा एका वर्षाचा हप्ता मार्चमध्ये जमा झाला, बाकीच्या दोन वर्षांच्या प्रस्तावांचा पाठपुरावा चालू आहे.